बारीक अक्षरातलं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: करार करताना सगळे सांगतात, ‘बारीक अक्षरातलं नीट वाच’. म्हणजे काय वाचायचं?

उत्तर: अहो, वर मोठ्या अक्षरात फायदे असतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अटी, त्यालाच हे म्हणतात, पण अक्षर लहान नसलं तरी बोलण्यात न आलेली कुठलीही अट यात धरतात. मुदत संपल्यावर करार आपोआप रिन्यू होतो का, मधेच सोडला तर किती पैसे कापणार, हे तिथेच सापडतं. आणि ‘मी वाचलंच नव्हतं’ हे सहसा चालत नाही हां, इंग्लंडमध्ये १९३४ साली सिगारेटचं व्हेंडिंग मशीन घेतलेल्या एक बाई याच मुद्द्यावर कोर्टात हरल्या, कारण खाली सही त्यांची होती. समोरच्याने तोंडी काही कबूल केलं असेल तर ते सहीआधी लेखी घ्याच.