इलेक्टिव्ह निवडताना

प्रश्न : मॅडम, मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी कॉन्करंट प्रोग्रॅमिंग (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचं प्रोग्रॅमिंग) आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग यांपैकी एकच विषय घेता येणार आहे. वरच्या वर्गातले म्हणतात, थिअरीचं ओझं कशाला, एखादं फ्रेमवर्क (ज्यावर प्रोग्रॅम उभारायचा तो तयार सांगाडा) शिक. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पेपर तर मी वॉटरफॉल मॉडेलच्या (एकामागून एक टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या) आकृत्या पाठ करून काढला. यातलं काही खरंच उपयोगी पडतं का? काय घेऊ?

उत्तर : कॉन्करंट प्रोग्रॅमिंग घे. फ्रेमवर्क सुट्टीत शिकता येतं. त्यात चुकलं तर समोर एरर येते, ती वाचून पुढे जाता येतं. कॉन्करन्सीतली चूक बऱ्याचदा एररच देत नाही. असा विषय शिकताना प्रश्न विचारायला कुणीतरी जाणकार जवळ लागतं, आणि ते विद्यापीठात मिळतं.

आजच करून बघ. सी भाषेत एक ग्लोबल काउंटर (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारा मोजणीचा आकडा) घे, किंमत शून्य. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं, सुरू कर. प्रत्येकाने काउंटर एक लाख वेळा एकने वाढवायचा. कम्पायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करणं) बंद ठेव, नाहीतर तो अख्खा लूप एका बेरजेत गुंडाळून टाकेल. उत्तर दोन लाख यायला हवं. बहुतेक वेळा ते कमी येतं आणि दर वेळी वेगळं येतं. 'एकने वाढव' ही आपल्याला एकच ओळ दिसते. प्रोसेसर मात्र मेमरीतून किंमत उचलतो, तिच्यात एक मिळवतो आणि परत ठेवतो. दोन्ही थ्रेडनी ४१ उचलले तर दोघेही ४२ ठेवतात आणि एक वाढ हरवते. आता म्यूटेक्स लाव, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला काउंटर बदलू देणारं कुलूप. उत्तर बरोबर येईल, वेळ जास्त लागेल. मग म्यूटेक्स काढून लूपमध्ये एक प्रिंट घाल. थ्रेडची वेळ बदलल्यामुळे चूक कमी दिसेल, कदाचित दिसणारही नाही. म्हणजे चूक शोधायला गेलं की ती दडी मारते. इथे चालवून बघण्यावर विसंबता येत नाही. कोणता डेटा कोण, कधी बदलू शकतो याचा कागदावर विचार करावा लागतो.

आता सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगकडे येते. त्याचा आणि वरच्या प्रयोगाचा संबंध मी वर्गात नेहमी थेरॅक-२५ वरून दाखवते. कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार दिला आणि त्यातले काही दगावले. १९८६ च्या अपघातांत ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला आणि लगेच कर्सर मागे नेऊन दुरुस्त केला. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. तुझ्या काउंटरचंच दुखणं. १९८७ च्या अपघातात आणखी वेगळी गोष्ट निघाली: एका बाइटचा एक काउंटर २५५ नंतर पुन्हा शून्य होई, आणि शून्य म्हणजे 'तपासायची गरज नाही' असा अर्थ घेतला जाई. पहिल्या वर्षी शिकवलेला ओव्हरफ्लो तो हाच.

पण इथे थांबलं तर अर्धंच कळलं. आधीच्या थेरॅक-२० मध्येही ही पहिली चूक होती. तिथे स्वतंत्र हार्डवेअर इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र अडवणारी यंत्रणा) असल्यामुळे ती कुणाच्या अंगावर आली नाही. नव्या यंत्रात ते काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला, जुना कोड पुढे वापरला, आणि 'मालफंक्शन ५४' असा संदेश पडद्यावर येई त्यावरून ऑपरेटरला काहीच उमगत नसे. तक्रारी आल्या तेव्हा सुरुवातीला यंत्राचा दोष मान्य झाला नाही. चूक कशी घडली हे ऑपरेटिंग सिस्टिम्सचा विषय सांगतो. ती माणसापर्यंत का पोचली हे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा. पेपरात हा विषय आकृत्यांपुरता उरतो याचं मला फार वाईट वाटतं. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथल्या नाटोच्या परिषदेने 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे शब्द ठळकपणे पुढे आणले, ते मोठे प्रोग्रॅम वेळेत आणि विश्वासार्ह का होत नाहीत या काळजीतून. आकृत्या नंतर आल्या.

थिअरीबद्दल थोडक्यात. कोणताही प्रोग्रॅम कुठल्याही इनपुटवर थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं. 'सगळे बग शोधून देतं' अशी जाहिरात वाचशील तेव्हा हे आठवू दे.

टेस्टिंग सोडू नकोस, फक्त ते घरी कर. मागच्या सेमिस्टरचा एखादा प्रोग्रॅम काढ, त्याला टेस्ट लिही. सीमेवरच्या किमती आधी घे: रिकामी यादी, एकच नोंद, सर्वांत मोठा आकडा. मग मैत्रिणीला त्यात एक बदल मागायला सांग, तुझ्या सोयीचा नसलेला. तो करताना किती फाइल उघडाव्या लागल्या हे लिहून ठेव. डिझाइनवरच्या तासांना ती नोंद घेऊन बसलीस, तर सर काय सांगताहेत ते चटकन पोचेल.

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा आहे, पण कोड मीच लिहितो. बाकीचे म्हणतात, तुझा कोड आम्हाला कळत नाही. मार्क मात्र सारखेच.

उत्तर : त्यांचं म्हणणं खरं धरून चाल. तू लिहिलेला कोड तिघांना कळत नसेल तर परीक्षकालाही कळणार नाही. एक आठवडा नवं काही लिहू नकोस. कोडचे स्वतंत्र भाग, म्हणजे मॉड्यूल, पाड, प्रत्येकाच्या बाहेरून कोणती फंक्शन्स दिसतात आणि ती काय देतात एवढं एका पानावर लिही आणि आतलं काम वाटून टाक. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) मुख्य शाखेवर थेट कुणीच काही टाकायचं नाही, तूही नाही. दुसऱ्याने वाचल्याशिवाय बदल आत जाणार नाही. कमिट (एका वेळी नोंदवलेला बदल) लहान ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला कंटाळा येत नाही. एवढं करूनही कुणी हात लावला नाही, तर मार्गदर्शकांकडे जाताना कमिटचा इतिहास बरोबर ने. पहिल्या आढाव्यालाच जा, शेवटच्याची वाट बघू नकोस.