वॉलिचिआय, वॉलिचिआना आणि वॉलिचिया

'शिमा वॉलिचिआय', 'पायनस वॉलिचिआना' आणि 'वॉलिचिया' ही वनस्पतींची तिन्ही शास्त्रीय नावे एकाच माणसावरून आली असतील, तर त्यांची रूपे वेगळी का आणि त्यांतले शुद्ध कोणते, असा प्रश्न विचारला गेला आहे. तिन्ही शुद्ध आहेत.

'वॉलिचिआय' ही लॅटिनमधील षष्ठी आहे, म्हणजे 'वॉलिच यांचे'. प्रजातीचे (म्हणजे 'जीनस'चे, नावातल्या 'शिमा'सारख्या पहिल्या शब्दाचे) लिंग कोणतेही असो, हे रूप बदलत नाही. आपल्या सह्याद्रीतील पिवळ्या तेरड्याच्या नावातले 'डॅल्झेलिआय' हेही असेच षष्ठ्यन्त रूप आहे. 'वॉलिचिआना' हे मात्र विशेषण असल्यामुळे ते 'चांगला, चांगली, चांगले' याप्रमाणे प्रजातीच्या लिंगानुसार चालते. 'पायनस' हा शब्द दिसायला पुल्लिंगी असला, तरी लॅटिनमध्ये वृक्षांची नावे बहुधा स्त्रीलिंगी मानली जात, म्हणून 'वॉलिचिआनस' न होता 'वॉलिचिआना' झाले. 'वॉलिचिया' हे ताडकुलातील एका प्रजातीचे स्वतंत्र नाव असून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी दिले.

ज्यांच्यावरून ही नावे पडली ते नॅथॅनिएल वॉलिच (1786–1854) कोपनहेगनचे. डॅनिश वसाहत असलेल्या बंगालमधील श्रीरामपुरात ते शल्यचिकित्सक म्हणून आले, 1808 मध्ये इंग्रजांनी ती वसाहत घेतल्यावर युद्धकैदी झाले, आणि वनस्पतींच्या ज्ञानामुळेच त्यांना रॉक्सबर्ग यांच्या हाताखाली काम करता आले. पुढे 1846 पर्यंत कलकत्त्याचे वनस्पती उद्यान त्यांनी सांभाळले. नेपाळ आणि ब्रह्मदेशातून जमवलेले वाळवलेले नमुने घेऊन ते 1828 मध्ये लंडनला गेले आणि त्यांच्या प्रती त्यांनी युरोपभरच्या अभ्यासकांना वाटून टाकल्या. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या वाटपात आहे.

नावात वॉलिच आले म्हणून नाव वॉलिच यांनी दिले, असे मात्र समजू नये. नामकर्त्याचे नाव संक्षेपाने शेवटी येते: ब्रह्मदेशातील 'अॅम्हर्स्टिया नोबिलिस' या वृक्षापुढचे 'वॉल.' म्हणजे नाव देणारे वॉलिच, तर 'अॅम्हर्स्टिया' हा गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅम्हर्स्ट आणि त्यांच्या मुलीचा गौरव. हिमाचलात ज्याला कैल म्हणतात, त्या पाच-पाच लांब सुयांचे झुबके असणाऱ्या पाइनला वॉलिच यांनी सुचवलेले नाव होते 'पायनस एक्सेल्सा'. तेच नाव आधी दुसऱ्या झाडाला दिले गेलेले असल्यामुळे नियमाप्रमाणे ते टिकू शकले नाही, आणि 1938 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक्सन यांनी त्या झाडाला 'वॉलिचिआना' हे नाव दिले.