साइन लँग्वेज शिकून दिव्यांगांसाठी काम करायचंय, बारावीनंतर काय करू?

तू बारावी झालीयेस म्हणतेस तर इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशनचा 2 वर्षांचा डिप्लोमा बघ, बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, दिल्लीत आयएसएलआरटीसी म्हणजे इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर आहे, दुसरीकडे कुठे घेतलीस अ‍ॅडमिशन तर कोर्सला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, मान्यता आहे ना ते आधी चेक कर.

पण क्लासमध्ये फक्त हात तयार होतात गं, बाकीचं माणसांत बसूनच येतं. 'तुझं नाव काय' मधलं 'काय' साइनमध्येपण शेवटी येतं आणि चेहऱ्यावर प्रश्न दिसला नाही तर समोरच्याला तो प्रश्न वाटतच नाही. मी ज्या काकूंसोबत असते त्यांना ऐकू येत नाही आणि सेरेब्रल पाल्सीमुळे बोटं पूर्ण उघडत नाहीत, त्यांची 'पाणी'ची खूण म्हणजे अंगठा हनुवटीला टेकवणं एवढीच, हे कुठल्या डिक्शनरीत मिळणार? मला समजायला 3 महिने लागले.

आणि हॉस्पिटलमध्ये जाशील तेव्हा एक लक्षात ठेव, सलाईन कुठल्या हाताला लावतायत ते बघायचं. एकदा नर्सने घाईत काकूंच्या उजव्या हाताला लावलं, त्यांचा तोच हात चालतो, म्हणजे त्यांचं बोलणंच बंद झालं आणि दुखतंय हेसुद्धा सांगता येईना, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हापासून मी आधीच सांगते की डाव्या हाताला लावा, आणि डॉक्टरांनापण सांगते की माझ्याकडे नाही, काकूंकडे बघून बोला.