तळ्याचं पर्यावरण की तळ्याची परिसंस्था?

शालेय विज्ञानाच्या पुस्तकाचं भाषांतर करताना 'तळ्याचे पर्यावरण' लिहावं की 'तळ्याची परिसंस्था', असा प्रश्न आला आहे. जोडीला उपप्रश्न: 'पारिस्थितिकी' या दोन्हींहून वेगळी, की तोच अर्थ जरा जड करून सांगितलेला?

तिन्ही शब्द 'परि' म्हणजे 'भोवती' या एकाच उपसर्गाने सुरू होतात. गोंधळाचं निम्मं कारण तेच.

'पर्यावरण' म्हणजे परि + आवरण. आवरण म्हटलं की आत कोणीतरी हवं, म्हणून या शब्दाला षष्ठी लागते: कोणाचं पर्यावरण? आपण ती सर्रास गाळतो आणि मग 'माणसाचं' हे न बोलता धरून चालतो. तळ्यातल्या बेडकाच्या पिल्लाला विचारलं, तर त्याचं पर्यावरण म्हणजे पाणी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, खायला शेवाळ आणि त्यालाच गिळायला टपलेला मासा. तेच पिल्लू मोठं होऊन काठावर येऊन बसलं की हवा, ओल, किडे आणि साप. तळं तेच, बेडूक तोच, पर्यावरण बदललं. गाईच्या पोटात राहून चारा पचवणाऱ्या जिवाणूंचं पर्यावरण तर खुद्द गायच. तेव्हा 'तळ्याचे पर्यावरण' व्याकरणाने चूक नाही. पण त्याचा अर्थ तळ्याच्या भोवती जे आहे ते, असा होतो. मूळ लेखकाला हे म्हणायचं नसावं.

'परिसंस्था' या शब्दाला असा मध्य लागत नाही. पाणी, गाळ, ऊन, शेवाळ, मासे, बेडूक, मेलेलं कुजवणारे जिवाणू, सगळे एका हिशेबात. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी 1935 मध्ये 'इकोसिस्टिम' हा शब्द मांडला, तो सजीवांचा समूह त्याच्या निर्जीव बाजूपासून तोडून पाहता येत नाही हे ठसवण्यासाठी. मराठी शब्दातली 'संस्था' वाचून अध्यक्ष आणि कार्यकारिणी आठवत असेल, तर तो दोष आपल्या सवयीचा. सम् + स्था, एकत्र उभं असणं, एवढंच मुळात आहे.

इथे 'कोणाची' हा प्रश्न नसतो, 'कुठपर्यंत' हा असतो. सीमा अभ्यासक आखतो. सगळं तळं घ्या, तळ्याला पाणी पुरवणारं खोरं घ्या, नाहीतर झाडाच्या ढोलीत साचलेलं ओंजळभर पाणी घ्या. एकदा रेघ मारली की आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते मोजता येतं. कार्बन, नायट्रोजन यांसारखी द्रव्यं या हातातून त्या हातात फिरत राहतात. ऊर्जेचं तसं नाही: ती उन्हातून येते, शेवाळातून माशात, माशातून बगळ्यात जाते, टप्प्याटप्प्याला तिचा बराच भाग उष्णता होऊन निसटतो आणि तो पुन्हा हाती लागत नाही.

'पारिस्थितिकी' हे सजीव आणि त्यांचा परिसर यांचं नातं अभ्यासणाऱ्या शास्त्राचं नाव, इंग्रजीत 'इकॉलॉजी'. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये ग्रीक 'ओइकोस', म्हणजे घर, यावरून ते मूळ नाव घडवलं. 'इकॉनॉमी' याच घरातली. मराठीने घर सोडून 'परिस्थिती' उचलली. गंमत अशी की बोलताना 'त्यांची परिस्थिती बेताची' म्हटलं की आपल्याला पैशाचीच बाजू कळते. ग्रीकातली ती बहीण आपल्याकडे मागच्या दाराने आलीच म्हणायची!

पहिलं अक्षर 'पा' की 'प'? संख्या-सांख्यिकी, भूत-भौतिकी, तसं परिस्थिती-पारिस्थितिकी. 'इक' लागला की आद्यस्वराची वृद्धी होते. 'परिस्थितिकी' छापलेलं दिसतं, पण मी ते लिहिणार नाही. 'जंगलाची पारिस्थितिकी बिघडली' हेही खटकतं. धरणाला तडा गेला म्हणून भौतिकी बिघडत नाही. बिघडते ती जंगलाची परिसंस्था.

'पर्यावरण' या शब्दाशी माझं एक भांडण मात्र आहे. आवरण म्हटलं की कोणीतरी वरून पांघरलेलं आणि आतला जीव निमूट, असं चित्र उभं राहतं. खरं तर आतलाच ते विणत असतो. गांडुळं माती कशी घडवतात यावर डार्विनने 1881 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आज आपण घेतो तो हवेतला ऑक्सिजन तर मुळात सूक्ष्म जिवांनी सोडलेला. हवेत त्याचं प्रमाण पहिल्यांदा वाढलं ते साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी. हे नातं दोन्हीकडून चालतं, आणि 'आवरण' ते लपवतं. शब्द आता इतका रुळला आहे की तो बदला असं म्हणण्यात अर्थ नाही, एवढी नोंद पुरे.

तुमच्या वाक्यात पुढे मासे, शेवाळ, गाळ यांची आपसातली देवघेव येत असेल, तर 'तळ्याची परिसंस्था'च लिहा. बगळ्याबद्दल असेल तर 'बगळ्याचे पर्यावरण'. तळं त्यात आलंच.