डासांसाठी सुगंधी तेल वापरणार असाल तर

डास पळवायला सिट्रोनेलापासून (गवती चहासारख्या गवताचं सुगंधी तेल) सुरुवात करत असाल, तर ठीक आहे. पण ही तेलं भराभर उडून जातात. वास गेला की राखणही गेली. म्हणून तास-दीड तासाने पुन्हा लावायची तयारी ठेवा. घाम येत असेल तर त्याआधीच. व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा घटक) मिसळलं की सिट्रोनेला जरा जास्त वेळ टिकतं.

तेल निव्वळ कधीच लावू नका. "नैसर्गिक आहे, काय होणार?" हे वाक्य मी फार ऐकतो, आणि पुढचा प्रश्न बहुधा पुरळाचाच असतो. १०० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात २ ते ३ मिली पुरे. लवंगेचं तेल डासांना चांगलं पळवतं, पण कातडीला झोंबतं, तिथे अर्धा मिलीच्या वर जाऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास बघा. लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, डाग पडतात. पाण्यात थेंब टाकून स्प्रे करणं तर सोडाच, तेल वरच तरंगतं.

लेमन युकॅलिप्टस (लिंबाच्या वासाची निलगिरी) या नावाने मात्र घोळ होतो. जास्त वेळ टिकतं ते त्यातल्या पीएमडी या डास पळवणाऱ्या घटकाचं प्रमाण वाढवलेलं तयार रिपेलंट. साध्या बाटलीतलं तेल किंवा आपली निलगिरी नव्हे. हे तयार रिपेलंटही तीन वर्षांखालच्या मुलांना नको.

घरात मांजर असेल तर डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र) टाळा. आणि डेंग्यू-मलेरियाची साथ असेल तेव्हा तेलांवर विसंबू नका: डीट किंवा पिकारिडिन असलेलं डास-रोधक लावा, मच्छरदाणी बांधा, साचलेलं पाणी दर आठवड्याला ओता.