'फॅन्सी-श्मॅन्सी'मधला 'श्म'

इंग्रजी बोलण्यातल्या 'फॅन्सी-श्मॅन्सी'मधला 'श्म' म्हणजे काय, आणि इंग्रजीतलेच 'श्लेप', 'श्मॉल्ट्झ' हे शब्द मूळचे जर्मन आहेत का, असं एका ताईंनी विचारलंय.

हे सगळं यिडिशचं देणं. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. घडण जर्मन वळणाची, त्यात हिब्रू आणि स्लाव्हिक (पोलिश, रशियन वगैरे) शब्दांची भर, लिपी हिब्रू. 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून 20 लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये त्यांची दाट वस्ती झाली आणि त्यांच्या तोंडचे शब्द शेजारपाजारच्या इंग्रजीत रुळले. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा यिडिशशी संबंध नाही. त्यांची घरची भाषा मराठीच.)

'श्लेप' म्हणजे जड ओझं ओढत, फरफटत नेणं. 'श्मॉल्ट्झ' मात्र माझा लाडका. मूळ अर्थ वितळवलेली चरबी. ज्यू आहारनियमांत मांसाबरोबर लोणी चालत नाही, म्हणून कोंबडीची नाहीतर हंसाची चरबी कढवून तीच स्वयंपाकाला वापरत. पुढे इंग्रजीत अति भावुक गाण्याला, सिनेमाला 'श्मॉल्ट्झी' म्हणू लागले. आपणही लोणी पाघळतं म्हणतो आणि माणूस पाघळला असंही म्हणतो. दोन्हीकडे स्निग्ध पदार्थावरूनच भावुकपणा सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता 'श्म'. शब्दाची सुरुवातीची व्यंजनं काढून तिथे 'श्म' लावायचा, स्वर तसाच ठेवायचा: डॉक्टर-श्मॉक्टर. मराठीत आपण स्वरही बदलतो: डॉक्टरबिक्टर, चहाबिहा. त्यामुळे दोन्ही एकच वाटतात, पण अर्थ वेगळा. 'चहाबिहा घेणार का?' यात आग्रह आहे. चहा नको तर सरबत घ्या. 'श्म' लागला की मात्र ती गोष्ट मोडीत निघाली. 'अभ्यासबिभ्यास काही नाही' यात आपलं 'बि' थोडं त्या अंगाला झुकतं, पण तिथे खरं काम 'काही नाही' करतं.

म्हणून 'फॅन्सी-श्मॅन्सी हॉटेल'चं 'फॅन्सीबिन्सी हॉटेल' करू नये. 'श्म'ची जागा मराठीत 'म्हणे' आणि 'मोठा आलाय' घेतात. डॉक्टर-श्मॉक्टर? 'डॉक्टर म्हणे! साधा ताप उतरवता येईना.'