स्कोअररला विचारा: पायरेट्सच्या पडद्यामागचं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रं सुरू झाली. निम्म्या पुण्याची मुलं तिकडे असल्याचा परिणाम असावा. क्लबच्या सामन्यांची स्कोअरबुकं भरण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आधी आकडे, मग किस्सा.

मुलगा पिट्सबर्गला असतो. त्याचे शेजारी सांगतात की १९६० च्या निर्णायक सामन्याचं चित्रण एका गायकाच्या तळघरात सापडलं. थाप आहे का?
– एक वाचक, कर्वेनगर

थाप नाही. वर्ल्ड सिरीज म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या अजिंक्यपदाची मालिका; जास्त सामने जिंकेल तो विजेता. समोर न्यूयॉर्क यांकीज, सात सामने. यांकीजनी आपले तीन जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे धुऊन काढत. पायरेट्सचे विजय बघा: ६-४, ३-२, ५-२. सातव्यात ९-९ अशी बरोबरी असताना शेवटच्या इनिंगला बिल मॅझरॉस्कीने राल्फ टेरीचा चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे भिरकावला आणि १०-९. आता बेरीज मांडा. यांकीज ५५, पायरेट्स २७, आणि अजिंक्यपद पायरेट्सचं! माझ्या वहीत अशी बेरीज आली असती तर मी पान फाडून पहिल्यापासून मांडली असती.

गायक म्हणजे बिंग क्रॉस्बी, संघाच्या मालकांपैकी एक. आपण बघायला बसलो की संघ हरतो, ही त्याची पक्की धारणा. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्यात एखाद्या काकांना ‘तुम्ही गॅलरीतच थांबा’ म्हणून बाहेर काढतात, तसं या गृहस्थाने स्वतःलाच काढलं, आणि तेही थेट पॅरिसला. तिथे तो रेडिओला कान लावून होता. विजयाच्या भरात हातातली बाटली शेकोटीपाशी आपटून फुटली आणि आग भडकली, असं पुढे त्याच्या बायकोने सांगितलं.

पण माणूस धूर्त. निघण्यापूर्वी त्याने सातव्या सामन्याचं चित्रण करायला एक कंपनी नेमून ठेवली होती: टीव्हीचा पडदा समोर ठेवायचा आणि त्यावर चाललेलं प्रक्षेपण फिल्मवर उतरवायचं. जिंकलो तर बघू, हरलो तर डबा उघडायचाच नाही! त्या काळी वाहिन्या असलं काही जपत नसत. टेप महाग, पुसून पुन्हा वापरायच्या. त्यामुळे या सामन्याची पूर्ण प्रत जगात कुठेच उरली नाही, असं सगळे धरून चालले होते. २००९ च्या डिसेंबरमध्ये क्रॉस्बीचे जुने टीव्ही कार्यक्रम शोधताना कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरी, वाइनच्या तळघरात, पाच रिळं निघाली. जागा थंड आणि कोरडी, म्हणून फिल्म शाबूत. रेडिओचे कार्यक्रम आधी टेपवर मुद्रित करून मग ऐकवायची पद्धत रुजवणाऱ्यांत हाच क्रॉस्बी पुढे होता, तेव्हा जपून ठेवायची खोड जुनीच.

स्कोअररच्या नजरेतून एक गोष्ट सांगतोच. त्या सामन्यात १९ धावा झाल्या, पण दोन्हीकडचा एकही फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असं दुसरं उदाहरण नाही.

१९७१ मध्ये पायरेट्सने सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय खेळाडू मुद्दाम उतरवले होते ना?
– एक वाचिका, नारायण पेठ

‘मुद्दाम’ला माझा आक्षेप आहे. १ सप्टेंबर १९७१, समोर फिलाडेल्फिया. व्यवस्थापक डॅनी मर्टॉने यादी भिंतीवर लावली तेव्हा कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. नेहमीचा तिसऱ्या बेसवरचा गोरा खेळाडू दुखापतग्रस्त, पहिल्या बेसवर नेहमीच्या गोऱ्या खेळाडूऐवजी अल ऑलिव्हर. खेळ सुरू झाल्यावर संघातल्या डेव्ह कॅशने आजूबाजूला पाहिलं आणि ऑलिव्हरला म्हणाला, अरे, इथे सगळे आपलेच! नऊही जण कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकेतले. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, हे पहिल्यांदाच घडत होतं. मर्टॉला विचारलं तर तो म्हणाला, मी यादी करताना रंग बघत नाही. पिचर (चेंडू टाकणारा) डॉक एलिस दुसऱ्याच इनिंगला बाहेर गेला, तरी सामना १०-७ असा जिंकला. पिट्सबर्गच्या दोन्ही वर्तमानपत्रांत तेव्हा संप होता. इतिहास घडला आणि गावात छापायला कुणी नव्हतं.

पुणेकरांनी यावर फार मान डोलावू नये. आपल्या पूना क्लबवर मैदानाची कामं करणारे दलित क्रिकेटपटू पी. बाळू गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. पुढे हिंदूंच्या संघासाठी त्यांनी गडी बाद केले. मैदानात ज्यांच्याबरोबर तोच चेंडू हाताळायचे, ते चहाच्या वेळी आत बसत आणि बाळूंना मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. हेही कुठल्या स्कोअरबुकात नाही.

भारतातून कुणी या संघात खेळलंय का?
– एक विद्यार्थी, सिंहगड रस्ता

करार झाला दोघांशी: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. पूर्व उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने घेतले. खेळले ते खालच्या लीगमध्ये. मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला, डब्ल्यूडब्ल्यूईत.

हरलेल्या संघाला जास्त पैसे मिळाले, हे कसं?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

तुम्ही हा प्रश्न विचारणारच. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज. बोस्टनने पायरेट्सना आठ सामन्यांत ५-३ असं हरवलं. पायरेट्सचे मालक बार्नी ड्रायफस यांनी उत्पन्नातला स्वतःचा वाटा खेळाडूंच्या रकमेत टाकला; बोस्टनच्या मालकांनी आपला खिशात ठेवला. म्हणून हरलेल्यांना माणशी १,३१६ डॉलर, जिंकलेल्यांना १,१८२. पायरेट्सचा एक पिचर मनाने खचून आधीच घरी गेलेला, दुसऱ्याने नेमबाजीच्या स्पर्धेत खांदा दुखावून घेतलेला. उरला डीकन फिलिप. त्याने पाच सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने टाकले आणि संघाचे तिन्ही विजय त्याच्याच नावावर आहेत. ड्रायफसनी त्याला बक्षिसाबरोबर संघाचे दहा शेअरही दिले. त्यांचं पुढे काय झालं, लाभांश किती मिळाला, असं विचारणारं पत्र मात्र पाठवू नका.